झाडातला झ

सकाळी मी ओट्याशी उभी राहून गवार मोडत होते. सायली, माझी मुलगी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. एरवी ती आत आली की आधी माझ्या खांद्यावर हात ठेवते, मग मी वळते आणि मग आमचं बोलणं सुरू होतं. त्या दिवशी तिने हात ठेवला नाही. मी आपसूक वळून पाहिलं, तेव्हा तिने दोन बोटं गळ्याला लावली. ही प्रमिला मॅडमची खूण. कर्णबधिर मुलांच्या शाळेत मुलं प्रत्येक शिक्षकाला आपापली एक खूण देतात. कुणाची मिशीची, कुणाची चष्म्याची, तशी ही गळ्याला लावलेल्या दोन बोटांची. मग तिने ती बोटं गळ्यावरून उचलली, मूठ मिटली आणि हळूच उघडून रिकामा तळवा माझ्यापुढे धरला... मला कळलं. शेजारी कुकरची शिट्टी होत होती, खाली भंगारवाला ओरडत होता आणि आमच्या घरात इतकी मोठी बातमी एक अक्षरही न उच्चारता येऊन पोचली होती. सायली माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिच्या रडण्याचा आवाज मोठा आणि खरखरीत आहे. तो तिला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून ती तो आवरतही नाही. त्या दिवशी मीही माझा आवरला नाही.

प्रमिला गांगुर्डे यांना जाऊन आता काही आठवडे झाले. नाशिकच्या एका शाळेत त्या ऐकू न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्यावर लिहायला बसले आणि पहिल्यांदा जे आठवलं तो एक शब्द होता. तोही मराठी नाही, इंग्रजीतला, अगदी चिमुकला. ‘बझ’. मधमाशीच्या आवाजावरून आलेला. मी एका सरकारी कार्यालयात टंकलेखन करण्यात उमेदीची वर्षं घालवली, हजारो इंग्रजी शब्द माझ्या बोटांखालून गेले, पण या शब्दाशी माझी कधी गाठ पडली नव्हती. सरकारी पत्रात ‘बझ’ कशाला येईल? तो मला प्रमिलाताईंनी दिला. मला म्हणण्यापेक्षा सायलीला दिला, आणि तिच्या हातून तो आमच्या घरात आला.

सायलीला ऐकू येत नाही हे आम्हाला कळलं ते एका लग्नाच्या वरातीत. बँड अगदी आमच्या अंगावरून गेला, कडेवरची सगळी पोरं दचकून रडली आणि ही माझ्या बांगड्यांशी खेळत राहिली. पुढचं सांगत नाही, ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना ते माहीत आहे. कानाला मशीन लावलं. मशीनमुळे तिला काहीतरी जाणवत होतं, पण ते शब्द नव्हते. शाळेत घातलं, मराठीची अक्षरं आली, आई, पाणी, चेंडू आले. मग इंग्रजीचा तास सुरू झाला आणि प्रमिलाताई आमच्या आयुष्यात आल्या.

त्या शाळेत पालकांना वर्गात मागे बसायची मुभा होती. मी रजा काढून बसले होते. पुस्तकात एक साधं वाक्य होतं, मधमाश्या ‘बझ’ करतात. प्रमिलाताईंनी फळ्यावर शब्द लिहिला, शेजारी मराठीत ‘गुणगुणणे’ लिहिलं आणि मुलांकडे वळल्या. मुलं त्यांच्याकडे पाहत होती. सायलीने हात वर केला आणि खुणेने विचारलं, गुणगुणणे म्हणजे काय? प्रमिलाताईंनी डस्टर उचललं आणि मराठी शब्द पुसून टाकला. नंतर त्या मला म्हणाल्या होत्या, “सुनंदाताई, त्या दिवशी मला घाम फुटला. आपली भाषा अशा शब्दांनी नुसती भरलीय हो. खळखळ, सळसळ, टपटप, गडगडाट. आपल्याला वाटतं, किती सोपे शब्द, बोलले की कळतात. या पोरांना तेच सगळ्यात अवघड. मी एका बंद दाराला दुसरं बंद दार लावत होते.”

दुसऱ्या दिवशी त्या सगळा वर्ग घेऊन शाळेमागच्या पिठाच्या गिरणीवर गेल्या. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवलं होतं. पट्टा फिरायला लागला आणि त्यांनी एकेका मुलाचा तळवा गिरणीच्या लाकडी चौकटीवर टेकवला. मी सायलीच्या मागे उभी होते. तिचा हात टेकला आणि तिचे खांदे वर गेले, डोळे मोठे झाले. तिने हात काढला, तळवा उलटसुलट करून पाहिला, जणू त्याला काही चिकटलंय, आणि पुन्हा टेकवला. प्रमिलाताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, पाटीवर शब्द लिहिलेला दाखवला, तिची दोन बोटं घेऊन स्वतःच्या गळ्याला लावली आणि म्हणाल्या, “बझ्झ्झ.” मग तीच बोटं सायलीच्या गळ्याला. झेंड्यातला झ नाही, झाडातला झ, तोही लांब ओढायचा. आधी नुसती हवा बाहेर आली, ‘बस्स’ असं काहीतरी. प्रमिलाताईंनी मान हलवली. परत. आणि परत. गिरणीवाला दळण थांबवून बघत होता. त्याला त्यांनी हातानेच सांगितलं, थांबवू नका, चालू द्या... आणि मग माझ्या मुलीच्या गळ्यातून तो आवाज आला. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या खोलीत, पट्ट्याच्या गोंगाटात, मी तो ऐकला. तिने तो बोटांनी ऐकला.

त्यानंतर आमच्या घरात एकेक वस्तू ‘बझ’ व्हायला लागली. फ्रिज बझ. मिक्सर बझ. शेजाऱ्यांची मांजर मांडीवर घेऊन तिने माझा हात तिच्या पोटावर ठेवला, बझ. सायलीचे बाबा अंबडच्या कारखान्यातून दुपारपाळी करून येत आणि सुट्टीच्या दिवशी जेवून आडवे होत. त्यांच्या घोरणाऱ्या छातीवर हात ठेवून ती हसत सुटली, बझ! ते दचकून उठले. मी इतक्या वर्षांत त्यांच्या घोरण्याला नावं ठेवली होती, पण असं छान नाव ठेवायला मला सुचलं नव्हतं.

प्रमिलाताईंना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. त्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत होते आणि घर रुळांच्या अगदी कडेला. घाट चढून गाडी यायची तेव्हा तिला मागून जादा इंजिनं लावलेली असत, ती सगळी धाप टाकत घरापाशी येत आणि मांडणीवरची ताटं थरथरायला लागत. गाडी ऐकू यायच्या आधी पायांना कळायची. आणि पाऊस! आषाढात पत्र्यावर तो असा कोसळायचा, की हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. मग आई हातानेच सांगायची, जेवायला या, भांडी आत घे, बाबाला छत्री दे. “पावसाळाभर आमच्या घरात सगळेच बहिरे,” त्या म्हणाल्या. “आणि आमचं काही अडायचं नाही. म्हणून मला या पोरांची कधी भीतीच वाटली नाही.”

शब्दाचे पुढचे अर्थ त्या वयाप्रमाणे देत गेल्या. मुलं थोडी मोठी झाल्यावर त्यांनी सांगितलं, की याच शब्दाला मागे ‘ऑफ’ जोडलं की त्याचा अर्थ होतो, चल, सूट इथून. हे कुणाला म्हणायचं नाही, पण कुणी तुम्हाला म्हटलं तर कळायला हवं. मुलांनी यातला पहिला अर्धा भाग सोडून दिला. त्याच आठवड्यात सायलीच्या बाबांची आत्या सटाण्याहून आमच्याकडे आली. मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. सायलीला समोर बसवून ती आल्यापासून एकच धरून बसली होती, या पोरीचं पुढे कसं व्हायचं, हिला कोण करून घेणार. सायलीला ओठ वाचता येतात हे तिच्या गावीही नव्हतं. बऱ्याच वेळाने सायली उठली, आत्याबाईंच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही शब्द सुटे सुटे, स्वच्छ म्हणाली, “बझ. ऑफ.”

मी गार पडले. आत्याबाईंनी मात्र तिला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. “कोन म्हनस पोर मुकी शे? बोलनी ना आते!” असं म्हणत त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, पिशवीतून लाडू काढून तिच्या हातात दिला आणि सगळ्या बिल्डिंगभर सांगत सुटल्या, की आमची पोर इंग्रजी बोलली. अर्थ सांगायची माझी हिंमत झाली नाही. प्रमिलाताईंना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, “चुकीच्या माणसाला बोलली असेल, पण बरोबर जागी बोलली हो. शब्द तिचा झाला.”

सगळंच काही असं गमतीचं नव्हतं. मुलं वरच्या वर्गात गेली तेव्हा इंग्रजीचा प्रश्न आला. अशा मुलांना भाषेच्या विषयात सूट घेता येते. बहुतेक पालकांना ती हवी होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरीही तेच मत होतं. पोरीला मराठी नीट यावं हेच पुष्कळ, वरून इंग्रजीचं ओझं कशाला? शाळेतही काहींना वाटायचं की गांगुर्डे बाई उगाच हट्ट करतात, मुलांचे निकाल बिघडवतील. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यामागे बोललं जायचं. त्या आत गेल्या की बोलणं थांबायचं. एकदा मी त्यांना विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, “वाटतं ना. पण त्यालाही बझच म्हणतात, ठाऊक आहे? लोकांमध्ये पसरलेली चर्चा. आणि मराठीतली कुजबुज म्हणून बघा, तिच्या पोटातही तो बुज बसलेलाच आहे. माझ्या मुलांना आता हा अर्थ शिकवायला उदाहरण शोधायला नको.”

पालकसभेत मात्र त्या हसल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सूट मिळते ती घ्या, मी आडवी येणार नाही. पण एवढं ऐका. ऐकू येणारं मूल रस्त्यावर, टीव्हीवर, दुकानात फुकट इंग्रजी उचलतं. आपल्या मुलाला एकही शब्द फुकट मिळत नाही. त्याला प्रत्येक शब्द कुणीतरी हातात द्यावा लागतो. मी द्यायला तयार आहे. तुम्ही घेऊ नका म्हणालात, तर मग तो त्याला कधीच मिळणार नाही.” घरी येताना रिक्षात कॉलनीच्या वळणावर सायलीचे बाबा म्हणाले, “राहू दे इंग्रजी. ती बाई खोटं बोलत नाही.”

त्या निर्णयाची किंमत मला द्वारकेच्या चौकात कळली. सायली तेव्हा कॉलेजला जायला लागली होती, नाशिकरोडवरून बसने एकटी यायची. मागून आलेल्या गाडीचा हॉर्न तिला ऐकू येत नाही, या एका विचाराने माझा जीव रोज टांगणीला लागलेला असे. एका संध्याकाळी कसला तरी मोर्चा निघाला आणि द्वारकेला सगळी वाहतूक अडली. बस तिथेच रिकामी केली. मी ऑफिसातून निघते आहे तोच तिचा मेसेज आला. बस बंद, मी द्वारकेला, ठीक आहे. आणि शेवटी इंग्रजीत दोनच शब्द, मला बझ कर. मला काही उमजेना. घाबरून मी प्रमिलाताईंना फोन लावला. “अहो, फोन कर म्हणतेय ती,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “फोन करून काय करू? तिला ऐकू का येणार आहे?” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “ऐकू येणार नाही. पण हातात थरथरेल ना? तुम्हाला निरोप पोचला, आई निघाली, हे तिला कळेल. लावत राहा, सुनंदाताई. रिक्षात बसा आणि लावत राहा.”

रिक्षा मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी नंबर लावायचे, दोनदा वाजू द्यायचे, बंद करायचे. थोड्या वेळाने पुन्हा. पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हणणार नव्हतं, आणि तरी आयुष्यात मी कुणाशी इतकं बोलले नसेन. शेवटचा तुकडा पायीच गेले. गर्दी, भोंगे, पोलिसांच्या शिट्ट्या... आणि एका टायरच्या दुकानाच्या पायरीवर माझी मुलगी दोन्ही हातांत फोन धरून बसलेली. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. मला पाहून तिने फोन वर करून दाखवला आणि हसली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी घाबरायचं कमी केलं. सोडलं असं म्हणणार नाही.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. प्रमिलाताईंसारखी, त्याच शाळेत. पदवी झाली, अशा मुलांना शिकवायचा अभ्यासक्रमही झाला. त्यातले इंग्रजी पेपर तिने रविवारी प्रमिलाताईंच्या घरी बसून तयार केले. मग मुलाखत आली. शाळेच्या ऑफिसात संस्थेची काही ज्येष्ठ मंडळी बसली होती आणि सायलीचं बोलणं त्यांना समजावून सांगायला प्रमिलाताई आत होत्या. मी बाहेर बाकावर. आत काय झालं ते प्रमिलाताईंनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं, की आता ते मीच पाहिलं असं वाटतं. मंडळींपैकी एकांनी सरळ विचारलं, “मुलांना ऐकू येत नाही, तुम्हालाही येत नाही, मग वर्ग चालणार कसा?” प्रश्न वाईट हेतूने नव्हता, काळजीचाच होता. प्रमिलाताईंनी तो खुणांनी सायलीला सांगितला. सायलीने मान डोलावली, पर्स उघडली आणि त्यातून रंगीत फुगे काढले.

हे प्रमिलाताईंनाही माहीत नव्हतं. सायलीने फुगे फुगवले, एकेकाच्या हातात दिले, दोन्ही तळव्यांनी धरायला लावले आणि फळ्यावर लिहिलं, फुगा ओठांजवळ धरून ‘बझ’ म्हणा. ती मोठी माणसं आधी एकमेकांकडे पाहत राहिली. मग एकाने केलं, दुसऱ्याने केलं. बाहेर बाकावर बसलेल्या मला आतून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज आला आणि मी उठून उभी राहिले. काय चाललंय तेच कळेना! आत सगळे हसत होते. ज्यांनी प्रश्न विचारला होता ते मात्र फुगा हातात धरून तसेच बसले होते. “म्हणजे तुम्हाला असं ऐकू येतं?” त्यांनी विचारलं. सायलीने त्यांचे ओठ वाचले आणि फळ्यावर लिहिलं, “ऐकू येत नाही. कळतं.”

तिला नोकरी मिळाली. त्या दिवशी प्रमिलाताई आणि ती शाळेच्या व्हरांड्यात एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या आणि सायली स्वतःच्या छातीवर तळवा आपटून पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत होती. प्रमिलाताई मला म्हणाल्या, “हाही अर्थ आहे बरं का. आनंदाने अंगात जी झिणझिण उठते ना, ती. हा मी शिकवला नव्हता. तिचा तिने काढला.”

पुढची काही वर्षं दोघी एकाच शाळेत होत्या. शेजारशेजारचे वर्ग, डबा एकत्र, आणि शाळा सुटल्यावर पंचवटीच्या बाजारात भाजी घ्यायलाही बरोबर. भाजीवालीशी घासाघीस सायली बोटांनी करायची आणि प्रमिलाताई बाजूला उभ्या राहून मजा बघायच्या. मग गेल्या वर्षी त्यांना आजार निघाला. कॅन्सर. औषधांनी केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांचे केस दाट होते, मोठा अंबाडा घालायच्या, त्यावर रोज एखादं फूल. मी धीर द्यायला म्हणून गेले. तर त्याच म्हणाल्या, “गळून गळून उशीवर सापडायला नकोत मला. आपणच काढून टाकू.”

सायली त्यांच्याबरोबर पार्लरमध्ये गेली, मीही गेले. पार्लरच्या मुलीने मशीन सुरू केलं आणि प्रमिलाताईंनी तिला हाताने थांबवलं. सायलीचा हात घेऊन त्यांनी त्या चालू मशीनच्या पाठीवर ठेवला आणि आरशातून तिच्याकडे पाहत म्हणाल्या, “बझ कट. मशीनने बारीक कापलेल्या केसांना म्हणतात. बघ, इतक्या वर्षांत हा अर्थ राहूनच गेला होता आपला.” सायली रडत होती आणि हसतही होती. पार्लरची मुलगी थांबली होती. मग सायलीनेच तिच्या हातातलं मशीन मागून घेतलं. कपाळापासून मागे, अगदी हळू, तिने प्रमिलाताईंचे केस उतरवले. काम झाल्यावर प्रमिलाताईंनी डोक्यावरून हात फिरवला, दोन्ही बाजूंनी चेहरा आरशात पाहिला आणि म्हणाल्या, “आईसारखी नाही हो, मी बाबांसारखी दिसते. आजवर कळलंच नव्हतं.”

शेवटपर्यंत त्या अशाच होत्या. थकायच्या, झोपून असायच्या, पण कुणी जुना विद्यार्थी आला की उशी पाठीशी घेऊन बसायच्या आणि त्याच्याकडून नवीन काय शिकलास ते काढून घ्यायच्या. त्यांच्या जलदान विधीला ते सगळे आले होते. कुणी प्रेसमध्ये आहे, कुणी बेकरीत, कुणी बँकेत, एक तर कापडाचं दुकान चालवतो. बुद्धवंदना झाली, माणसं बोलली, सायली ओठ वाचून सगळ्यांसाठी ते खुणांनी सांगत होती. शेवटी बोलणाऱ्यांनी विचारलं, की मुलांपैकी कुणाला काही म्हणायचंय का? कुणी पुढे आलं नाही. पण सगळ्यांनी एकदम हात वर केले आणि बोटं पसरून हलवली. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात. मांडवभर ते हात कितीतरी वेळ हलत होते.

प्रमिलाताईंनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्या कॉलनीतल्या घरी आता त्यांची आई आहे, नात्यातली एक सून सोबतीला असते. म्हातारपणाने आईचेही कान गेलेत. सायली दर रविवारी तिथे जाते. पूर्वी अभ्यासाला जायची, आता त्यांच्याजवळ बसायला. मागच्या रविवारी मीही गेले होते. बाहेरच्या खोलीत आम्ही आजींबरोबर चहा पीत होतो, तेवढ्यात दारात एक तरुण जोडपं येऊन उभं राहिलं. पेठ तालुक्यातून पहाटेच निघाले होते. बाईच्या कडेवर झोपाळलेली एक लहान मुलगी. “गांगुर्डे मॅडमना भेटायचं होतं,” तो म्हणाला. “आमच्या पोरीला ऐकायला येत नाही. मॅडम रविवारी घरी भेटतात असं सांगितलं कुणी.”

आजींना त्याचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण मुलीकडे पाहून त्या उमजल्या. “या, आत या,” त्या म्हणाल्या. “पमी नाय आता. गेली. लय लांबून आलेले दिसता, पानी घ्या.” त्याचा चेहरा पडला. आजींनी सायलीच्या पाठीवर हात ठेवला. “ही हाय ना. पमीच्याच शाळंत मास्तरीन हाय. हिलाबी ऐकू येत नाय. हिला सांगा.”

तो माणूस सायलीकडे पाहत राहिला. तिच्या कानातल्या मशीनकडे, तिच्या ओढणीकडे, तिच्या हातातल्या पेनकडे. मग त्याच्या बायकोनेच त्याला कोपराने पुढे ढकललं आणि तो भिंतीजवळच्या खुर्चीत बसायला गेला. तशा आजी लगबगीने उठल्या.

त्या खोलीत खिडकीसमोर वेताची एक खुर्ची आहे. प्रमिलाताईंकडे कुणीही आलं, तरी त्या पाहुण्याशी बोलायला त्याच खुर्चीत बसायच्या, खिडकीकडे तोंड करून. उन्हाळ्यात डोळ्यांवर ऊन यायचं तरी तिथेच. मी एकदा पडदा ओढायला गेले तर त्यांनी ओढू दिला नाही. चेहऱ्यावर उजेड असला की समोरच्याला ओठ दिसतात, अशी त्यांना सवयच लागून गेली होती. ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलतानाही त्या तशाच बसायच्या.

“तिकडं नगं,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्यासाठी ती वेताची खुर्ची पुढे ओढली. “हितं बसा. उजेडाकडं तोंड करा, म्हंजी हिला तुमचं वठ दिसतील. आन् सावकाश बोला. घाई नाय कसली.”

सायली त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याने खुर्ची थोडी वळवली, चेहऱ्यावरचं ऊन डोळे बारीक करून सोसलं, आणि सगळ्यात आधी आपल्या मुलीचं नाव सांगितलं.